मागच्या उजव्या चाकावरची जागा

तुमच्या गाडीला 'रस्त्यावर चालण्यास योग्य' असा शिक्का शेवटचा मिळाला, तेव्हा तुम्ही कुठे होता?

गाडीजवळ होता? कोणी ब्रेक दाबून पाहिला, चाक हलवून पाहिलं, हे डोळ्यांनी बघितलंत? की ओळखीच्या एजंटाच्या हातात किल्ली देऊन ऑफिसात जाऊन बसलात, आणि संध्याकाळी मोबाइलवर आलेल्या कागदाच्या फोटोवर अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळे झालात? हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून पाहिला आहे. लोक चिडतात. एकाने तर मला उलट विचारलं, की बाई, तुम्ही विमानात बसता तेव्हा आधी खाली वाकून चाकं बघता का?

प्रश्न मुळात माझा नाही. अंबक्काचा आहे.

अंबक्का मोहिते माझी घरमालकीण. कानडी शहरातल्या बसवनगुडीत तिचं घर होतं. खाली ती, वर मी. मी नोकरीसाठी नागपूरहून आलेली. माझे वडील कामगार संघटनेची पत्रकं काढायचे. आमच्याकडे डब्याखाली पत्रक, शाळेच्या पुस्तकाला कव्हर पत्रकाचं, आणि मला जोडाक्षरं आली तीही 'जाहीर निषेध'मधली. त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात, पैसे खाणारी आणि न खाणारी, असं माझं पक्कं मत होतं. ते मत घेऊनच मी अक्काच्या दारात उभी राहिले.

खोली बघायला आले होते, पण तिने खोली दाखवलीच नाही. दारात एक लांबलचक करड्या रंगाची गाडी उभी होती. तिच्यात मला बसवलं, गल्लीबोळांतून एक चक्कर मारली, परत दारात आणून इंजिन बंद केलं आणि विचारलं, "काय ऐकलीस?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"मला गाड्यांमधलं काही कळत नाही. ऐकायचं आहे असं आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतं."

तिने मान हलवली. "सरी, ठीक. वर जा. किल्ली दाराला लावलेली आहे."

माझ्याआधी पुण्याचं एक जोडपं येऊन गेलं होतं. दोघंही कॉम्प्युटरवाले, भाडं आगाऊ द्यायला तयार. पण त्यातला नवरा गाडीत बसून म्हणाला, "किती स्मूद आहे हो काकू," आणि तिथेच त्याची खोली गेली. "मागच्या दाराचं रबर फाटलेलं, वारा शिट्टी घालायलाय, आणि हा म्हणतोय स्मूद," अक्का सांगायची. "असला माणूस भाडं वेळेवर देतो गं. पण छत गळायला लागलं तर सांगत नाही."

पहिले काही दिवस मी तिला तुम्ही म्हणत होते. एकदा तिने जिन्यातच अडवलं. "तुम्ही कुणाला म्हणायलीस? पाठीमागं कोण उभं आहे का?" तेव्हापासून तू. गंमत म्हणजे गाडीला मात्र ती स्वतः अहो-जाहो करायची. ती गाडी पूर्वी कुठल्याशा कंपनीच्या मोठ्या साहेबांची होती. मागच्या सीटवर वाचायला छोटा दिवा, हात टेकायला उशी, खिडकीला ओढायचा पडदा. साहेबांनी नवी घेतली, कंपनीने जुनी काढली, आणि अक्काने ती घेऊन टॅक्सीची पिवळी पाटी लावली. गाडीचं नावच 'साहेब' पडलं. "साहेब, उठा," असं म्हणून ती सकाळी किल्ली फिरवायची. थंडीत इंजिन खाकरलं की, "साहेबांचा घसा धरलाय, स्वल्प थांबू या."

नवरा टॅक्सी चालवायचा. तो गेल्यावर गाडी विकून टाक, म्हणून सगळ्या नातेवाइकांनी सांगितलं. तिने गाडी विकली आणि त्याहून मोठी आणली. ड्रायव्हर ठेवला नाही. चापूनचोपून सुती लुगडं, केसांत अबोली, पायात कॅनव्हासचे बूट. चप्पल ब्रेकवरून घसरते म्हणून बूट. लग्नाला नवरी न्यायची असली तरी तेच बूट. नवरीकडच्या बायका हसायच्या. "हसा की," ती म्हणायची, "हसत हसत पोचवते."

तिचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. माझ्यासारख्या नव्याने आलेल्या मराठी लोकांवर तिचा एक ठरलेला शेरा होता. "आमची माणसं घोड्यावरनं आली. तुम्ही विमानातनं येता. आम्हाला यायला वेळ लागला, म्हणून आम्ही राहिलो."

सरकारी तपासणीला ती स्वतः जायची. दरवेळी. बाहेर झाडाखाली एजंट असायचे, त्यातला एक तिला नेहमी गाठायचा. "अक्का, उन्हात कशाला उभी राहतेस? गाडी घरी ने. कागद येईल."

"गाडी घरी गेल्यावर तपासणार कुणाला? तुला?"

तो हसायचा. तीही हसायची. पण हलायची नाही.

एकदा आमच्या मागच्या गल्लीतल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याची गाडी पास झाली. ज्या दिवशी ती पास झाली त्या दिवशी तिचं इंजिन खाली उतरवून फळीवर ठेवलेलं मी स्वतः पाहिलं होतं. माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. 'चाकाखाली कोणाचा जीव?' असा मथळा, खाली तीन उद्गारचिन्हं. लाच, संगनमत, नफेखोरी, सगळं आलं होतं. वडिलांना पाठवलं तर त्यांनी एक उद्गारचिन्ह काढायला सांगितलं, बाकी पसंत होतं. मग अक्काला वाचून दाखवलं.

ती लसूण सोलत होती. ऐकून म्हणाली, "बरोबर लिहिलीस. पैसे खाऊन पास करणाऱ्यांना चांगलं धुतलीस."

"पण?"

"पैसे न खाता पास करतात, त्यांचं काय?"

मी तिला कामचुकारपणा, ढिसाळ यंत्रणा, अपुरी माणसं वगैरे ऐकवलं. तिने लसणाची साल फुंकून उडवली. "असू दे," म्हणाली. मला वाटलं, मुद्दा तिच्या लक्षात आला नाही.

तिचा प्रामाणिक तपासणीवरही पुरता विश्वास नव्हता. यंत्र वाईट नाही, ती म्हणायची, ब्रेक बघतं, धूर बघतं, दिवे बघतं. पण यंत्र गाडीला तिथे उभं करून विचारतं. गाडीचं दुखणं रस्त्यावर बोलतं. म्हणून सरकारी शिक्का मिळाल्यानंतरच्या रविवारी अक्काची स्वतःची परीक्षा असायची. त्या परीक्षेशिवाय साहेब गावाबाहेर जात नसत.

तिला आम्ही मौनफेरी म्हणायचो. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना बसवनगुडीहून निघायचं आणि यशवंतपूरला सय्यदभाईंच्या गॅरेजपर्यंत जायचं. गाडीत पाच माणसं. चालवणारी अक्का, बाकीचे चौघे ऐकणारे. एक अक्षर बोलायचं नाही. अर्ध्या वाटेपर्यंत काचा बंद, पुढे उघड्या. जो ज्या कोपऱ्यात बसला, त्याने त्या कोपऱ्याचं ऐकायचं. यशवंतपूरला पोचल्यावर गॅरेजसमोरच्या टपरीवर चहा, आणि चहाबरोबर एकेकाने काय ऐकलं ते सांगायचं. "चालवणाऱ्याला मागचं ऐकू येत नाही," हे तिचं कारण. "चालवणाऱ्याच्या कानात स्वतःचं कौतुक वाजत असतंय."

गॅरेजवाल्या सय्यदभाईंना या फेरीत बसायला बंदी होती. त्यांनी एकदा तक्रार केली. ती म्हणाली, "भाई, तुमचे कान चांगले आहेत. पण त्यांना नवीन पार्ट पण ऐकू येतात."

बोलायचं नाही म्हणजे काय, हे त्या गाडीत बसल्याशिवाय कळणार नाही. अक्काची बालमैत्रीण वत्सलाबाई मागे डावीकडे बसायच्या. त्यांना श्वास घेताना बोलायची सवय. मल्लेश्वरमजवळ एकदा त्यांना वाटेत व्याही दिसले, तर बाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि खिडकीतून नुसते हातवारे केले. व्याही घाबरून घरी फोन करते झाले. मधे नरसिंहय्या मास्तर. हे शेजारचे, निवृत्त गायनशिक्षक, घरात कन्नड, आमच्याशी मोडकी मराठी. त्यांचा कान सुराला पक्का. "अक्का, गाडी आज काळी पाचमध्ये आहे," असं सांगायचे, आणि सय्यदभाई विचारायचे, "म्हणजे पट्टा आवळू का?" पुढे अक्काशेजारी मी.

आणि मागे उजवीकडे किशनराव.

किशनराव सूर्यवंशींचं चिकपेटेत साड्यांचं दुकान. अक्काच्या मुलीच्या साखरपुड्याची साडी त्यांच्याकडून घेतली होती. पहिल्याच धुण्यात काठाचा लाल रंग अंगभर पसरला. अक्का साडी घेऊन दुकानात गेली. किशनराव साडी उजेडात धरून म्हणाले, "रंग पक्का आहे. तुमचं पाणी खराब." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मुलीचं लग्न झालं, तिला मुलं झाली, तरी बंदच. एकमेकांशी बोलायचं झालंच तर मधल्या माणसातून.

"मास्तर, त्यांना सांगा, दार हळू लावा. दुकानाचं शटर नव्हे."

"मास्तर, त्यांना सांगा, दार नीट असतं तर हळू लागलं असतं."

असा माणूस दर मौनफेरीला अक्का बोलावून आणायची. वत्सलाबाईंच्या हाती निरोप जायचा आणि किशनराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून वेळेवर हजर. मागच्या उजव्या चाकावरची जागा त्यांची. चहाच्या वेळी त्यांचं बोलणं म्हणजे आरोपपत्र. मागून कुईकुई येतं. वळताना पोट ढवळतं. ही गाडी नव्हे, ही पिठाची गिरणी. उशीला कुणाच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो. एका वर्षी तर गाडीत काहीच सापडेना, तेव्हा म्हणाले, "मास्तर, त्यांना सांगा, गाडी आज आवाज करत नाही. काहीतरी लपवायलीय."

अक्का मान खाली घालून सगळं ऐकायची आणि सय्यदभाईंना म्हणायची, "ते म्हणतात तसं उघडून बघा."

निम्म्या वेळा काही नसायचं. उरलेल्या निम्म्या वेळा असायचं.

मला हे भांडण मूर्खपणाचं वाटायचं. एका साडीसाठी दोन म्हातारी माणसं अबोला धरतात म्हणजे काय? वत्सलाबाईंनाही वाटायचं. कार्तिकात आमच्याकडे शेंगांची जत्रा भरते, अख्खा रस्ता भुईमुगाच्या ढिगांनी भरून जातो. एका वर्षी त्या जत्रेत बाईंनी दोघांना बरोब्बर समोरासमोर आणलं. किशनरावांनी कागदाच्या पुडीत गरम शेंगा घेतलेल्या होत्या. त्यांनी पुडी पुढे केली. थेट. मधे कोणी नाही.

"घ्या," ते म्हणाले.

अक्काने पुडीकडे बघितलं. मग वत्सलाबाईंना म्हणाली, "वत्सले, त्यांना सांग, आत्ता नको."

घरी येताना मी तिच्यावर तुटून पडले. माफ करायला काय जातं, माणूस स्वतःहून पुढे आला होता, वगैरे. ती बूट काढत पायरीवर बसली.

"तुला काय वाटतं, मी अजून साडीवर रागावलेय?"

"मग?"

"साडी गेली, राग पण गेला. पण माणूस चांगला आहे गं. समेट झाला की घरी यायला लागतील. माझ्या हातची भाकरी खातील. मग गाडीत बसून खरं बोलतील काय? तू बोलशील? वत्सली बोलेल? तुम्हाला माझी माया आहे. मायेला कमी ऐकायला येतं." मग हसून म्हणाली, "एवढा चांगला शत्रू मला आता या वयात कुठं मिळणार?"

मी वर गेले. राजकारणातल्या विरोधी पक्षाबद्दल मी आजवर जे काही वाचलं होतं, त्यातलं काहीच याच्या जवळपास येत नव्हतं.

मग अक्का आजारी पडली. आधी ताप, मग दवाखाना. घरी आली तेव्हा निम्मी झाली होती, आणि डाव्या कानाने काहीही ऐकू येईना. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत घेतली नाही, पण तब्येत सांभाळा म्हणाले. मुलगी धारवाडहून आली, चल म्हणाली. अक्का म्हणाली, "साहेबांना सोडून कुठं येऊ?" म्हणायला थट्टाच होती. पण मला माहीत होतं, तिचं सगळं त्या एका गाडीवर उभं होतं. तिची मिळकत तीच, आणि सकाळी उठून कुठेतरी जायचं असण्याचं कारणही तेच. गाडी होती तोवर ती बसवनगुडीची अंबक्का. गाडी गेली की धारवाडची आजी.

आजारपणात किशनराव भेटायला आले होते. दारापर्यंतच. संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मी दिली म्हणू नका." नंतर रोज दुकानाला जाताना गल्लीच्या तोंडाशी थांबून मला विचारायचे, "उठल्या का?" मी अक्काला सांगितलं नाही. संत्री खाताना ती म्हणाली, "गोड आहेत. चिकपेटकडची दिसतात."

तपासणीची वेळ आली. अक्का स्वतः गेली, झाडाखाली बसून राहिली, गाडी रीतसर यंत्रावर चढली आणि रीतसर पास झाली. कोणी काही खाल्लं नाही, हे मी तिथे उभी राहून पाहिलं आहे. वत्सलाबाईंच्या नातीचं लग्न म्हैसूरला होतं. नवरीला साहेबांतून न्यायचं, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. निघायचं सोमवारी पहाटे. म्हणून रविवारी मौनफेरी.

त्या सकाळी सगळे जरा जास्तच नीटनेटके आले होते. अक्काने किल्ली फिरवली. "साहेब, उठा." तिचा आवाजही आता बारीक झाला होता. आम्ही निघालो. मी पुढे होते. मला एसीचा आवाज आला, अक्काचा धापेचा श्वास आला, बाकी काही आलं नाही. तिने चांगला कान खिडकीकडे धरला होता. मधे एका वळणावर मला मागे हालचाल जाणवली. आरशात बघितलं तर मास्तर डोळे मिटून बसलेले, वत्सलाबाई पदराशी चाळा करत होत्या, आणि किशनराव सरळ समोर बघत होते. इतकं सरळ कोणी समोर बघत नाही.

यशवंतपूरला टपरीवर चहा आला. बाजाराकडे जाणारे टेम्पो शेजारून जात होते. अक्का बाकावर बसली, ग्लास दोन्ही हातांत धरून.

मी म्हणाले, "मला पुढे काही ऐकू आलं नाही." ते खरं होतं.

मास्तर म्हणाले, "सरी इदे अक्का. सगळं सरी."

वत्सलाबाई म्हणाल्या, "झकास आहे गं. नवरीला झोप लागेल."

मग सगळ्यांनी किशनरावांकडे बघितलं. सय्यदभाई गॅरेजच्या दारातून पुढे आले. त्यांनाही हे ऐकायला आवडायचं. किशनरावांनी चहा संपवला. ग्लास ठेवला. आणि मास्तरांकडे न बघता, सरळ अक्काकडे बघून म्हणाले, "अंबक्का, गाडी चांगली चालायलीय."

वत्सलाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांनी थेट बोलले, आणि गोड बोलले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

 अक्काने ग्लास बाकावर ठेवला. किशनरावांच्या तोंडाकडे ती थोडा वेळ बघत राहिली, आपण दूरची पाटी वाचतो तशी. मग म्हणाली, "सय्यदभाई, मागचं उजवं चाक खोला."

"अक्का, सगळे तर म्हणतायत—"

"खोला."

गाडी जॅकवर चढली. चाक निघालं. सय्यदभाईंनी आतला भाग हाताने फिरवला आणि तो घरघरला. फार मोठा आवाज नव्हता, जात्यात खडा आल्यासारखा. बेअरिंग गेलं होतं. ते बदलता आलं असतं. पण त्यांनी टॉर्च आत मारला. ज्या पत्र्याला चाकाचा सांधा धरलेला असतो, तोच गंजून पोखरला होता. वरून रंग शाबूत. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर आत गेलं.

"म्हैसूरपर्यंत गेली असती?" अक्काने विचारलं.

"सांगता येत नाही," सय्यदभाई म्हणाले. "गेलीही असती." मग म्हणाले, "वेल्डिंग मारून देतो. कागद तर आहेच तुमच्याकडे. पुढच्या वेळी यंत्रावरही पास होऊन जाईल."

"यंत्राला म्हैसूरला जायचं नाही," अक्का म्हणाली.

ती किशनरावांकडे वळली. आवाज चढवला नाही. "तुम्हाला ऐकायला आलं होतं."

किशनराव उभे होते. इस्त्रीच्या सदऱ्यावर चहाचा थेंब पडला होता, तो ते बोटाने पुसत होते. "आलं," ते म्हणाले. "वळणावर दोनदा. मास्तरांनी पण ऐकलं. मी कोपराने खुणावलं त्यांना."

मास्तर मान खाली घालून म्हणाले, "हौदु, ऐकलं."

वत्सलाबाई काहीच म्हणाल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांची स्वतःची नात त्या गाडीतून जाणार होती.

"मग?" अक्का म्हणाली.

"आजारातून उठलात. एवढीशी झालात. गाडी गेली की तुम्ही धारवाडला जाल." किशनरावांनी डोकं हलवलं. "वाटलं, एकच तर फेरी आहे. सावकाश नेतील. नंतर सय्यदला गुपचूप सांगू."

"मास्तरांचं, वत्सलीचं मी समजू शकते," अक्का म्हणाली. "ती जन्माची लाडावलेली आहेत. तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती. एक माणूस होता मला खरं सांगणारा."

 सय्यदभाई विनाकारण हात पुसत राहिले. मग किशनराव म्हणाले, "अंबक्का, त्या साडीचा रंग कच्चाच होता."

"ते मला पहिल्या धुण्यातच कळलं होतं."

"मला उजेडात धरली तेव्हाच कळलं होतं."

अक्का हसली. आजारानंतर तशी हसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली. नंतर मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "जो माणूस शांत गाडीला लबाड म्हणतो, तो खडखडणाऱ्या गाडीला चांगली म्हणाला. मग ऐकायचं काय राहिलं?" आणि थोड्या वेळाने, "तुझ्या पत्रकातला राहिलेला माणूस हाच गं. पैसे न खाता पास करणारा."

साहेब त्या गॅरेजमधून परत आले नाहीत. अक्काने ती गाडी कोणाला पुढे विकली नाही. वेल्डिंग मारून विकली असती तर सहज गेली असती, कागद ताजा होता, विचारणारेही होते. तिने ती तोडायला दिली. निघताना तिने फक्त मागच्या सीटचा वाचायचा छोटा दिवा काढून घेतला आणि बोनेटवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, झोपा."

नवरी कशातून न्यायची हा प्रश्न उरला. किशनराव म्हणाले, "दुकानाची व्हॅन आहे." वत्सलाबाईंनी नाक मुरडलं, नवरी काय कापडाच्या गठ्ठ्यांतून जाणार? पण दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं. अक्काने विचारलं, "परीक्षा झालीय?" किशनराव म्हणाले, "कागद आहे." आणि आम्ही सगळे हसलो, तेही.

मग त्याच दुपारी व्हॅनची मौनफेरी झाली. मागच्या उजव्या कोपऱ्यात अक्का. तिने इतके दोष काढले की किशनराव सय्यदभाईंच्या समोर हात जोडून उभे राहिले. त्यातले दोन खरे निघाले. ते तिथल्या तिथे दुरुस्त झाले.

सोमवारी पहाटे व्हॅन निघाली तेव्हा मी दारात उभी होते. आत कोऱ्या कापडाचा वास, मुंडावळ्या, हार, आत्या, माम्या, सगळा कलकलाट. किशनराव स्टिअरिंगवर. अक्का मागे उजवीकडे, कॅनव्हासचे बूट घालून, चांगला कान पत्र्याला लावून. तिने हात वर केला. कलकलाट थांबला. नवरीसुद्धा मेंदीचे हात तसेच उचलून धरून गप्प बसली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, आणि त्या वळणावर सगळं वऱ्हाड श्वास रोखून एका चाकाचा आवाज ऐकत होतं.

माझ्या डोळ्यांसमोर अंबक्का आहे ती अशी. लग्नानंतर लवकरच मुलगी तिला धारवाडला घेऊन गेली. आता चांगला कानही मंदावलाय, फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून किशनराव महिन्यातून एकदा बसने जातात. परत आले की मला सांगतात, "भाकरी जाड करायला लागल्यात. तोंडावर सांगून आलो."

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. गाडीच्या पुढच्या तपासणीला स्वतः जा. उन्हात उभे राहा. शिक्का मिळाला की लगेच घरी जाऊ नका. गाडीत चार माणसं घ्या, आणि त्यातली मागची एक जागा अशा माणसाला द्या ज्याला तुम्ही आवडत नाही. त्याला चहा पाजा आणि तो म्हणेल ते उघडून बघा. आणि कधी कोणी तुम्हालाच त्या जागेवर बसवलं, तर पुढे चालवणाऱ्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघू नका. जे ऐकू आलं, ते सांगा.